बुकशेल्फ स्पीकरची पारख : आधी मध्यसप्तक, मग बाकी सगळे

बुकशेल्फ स्पीकरची जोडी निवडताना बहुतेकांचे लक्ष सर्वप्रथम दोन टोकांकडे जाते: खाली बेस किती घुमतो आणि वर झांजा किती लखलखतात. माझे मत याच्या उलट आहे. लहान पेटीच्या स्पीकरची खरी किंमत साधारण २०० हर्ट्झपासून ५,००० हर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यात ठरते; इथे मध्यसप्तक म्हणतो तो हाच पट्टा. गाणाऱ्याचा गळा, सारंगी, व्हायोलिन, हार्मोनियम, तबल्याचे बोल आणि शब्दांची स्पष्टता यांचा बहुतेक ऐवज तिथेच असतो, आणि आपला कानही २,००० ते ५,००० हर्ट्झच्या दरम्यान सर्वांत तिखट असतो. हा पट्टा सरळ आणि सच्चा असेल तर खर्ज थोडा कमी असला तरी त्या स्पीकरवर वर्षानुवर्षे समाधानाने संगीत ऐकता येते. तिथे खोट असेल तर कितीही खोल बेस आणि कितीही देखणे लाकूड ती भरून काढू शकत नाही.

हा पट्टा नीट ऐकायचा तर आधी तुलना न्याय्य व्हायला हवी, आणि बहुतेक निवडी इथेच फसतात. दोन स्पीकरपैकी एक अर्ध्या-एका डेसिबलने मोठा वाजत असेल तर तो आपल्याला मोठा वाटत नाही; तो अधिक भरीव, अधिक मोकळा, अधिक तपशीलवार वाटतो. बाजारातल्या स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच विद्युतदाबावर तो किती मोठा वाजतो याचे माप, ८३ डेसिबलपासून ८८ डेसिबलपर्यंत सहज बदलते. म्हणजे ॲम्प्लिफायरचा व्हॉल्यूम तसाच ठेवून नुसता स्पीकर बदलला तरी पाच डेसिबलचा फरक पडू शकतो आणि तुलना सुरू होण्याआधीच निकाल लागलेला असतो. यावर उपाय अवघड नाही. पिंक नॉइज, म्हणजे प्रत्येक सप्तकात सारखीच ऊर्जा असलेला सलग सरसर आवाज, दोन्ही जोड्यांवर आळीपाळीने लावावा, बसण्याच्या जागी मोबाइलवरच्या ध्वनिमापक ॲपने त्याची पातळी पाहावी आणि प्रत्येक जोडीसाठी व्हॉल्यूमचा काटा कुठे ठेवायचा हे लिहून घ्यावे. मोबाइल दाखवतो तो आकडा अचूक नसेलही, पण तोच मोबाइल त्याच जागी धरला तर दोन जोड्यांमधला फरक दाखवायला तो पुरेसा असतो. शिवाय स्वरवर्णाची बारीक आठवण कानाला काही सेकंदच राहते. त्यामुळे काल एक जोडी आणि आज दुसरी जोडी ऐकून केलेली तुलना फारशी विश्वासार्ह नसते. तोच दहा-पंधरा सेकंदांचा तुकडा एकामागोमाग दोन्हींवर ऐकणे अधिक उपयोगाचे.

दुसरी अडचण डोळ्यांची आहे. स्पीकरचे मोजमाप आणि श्रोत्यांची पसंती यांचा संबंध शोधण्याचे पायाभूत काम ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये केले. पुढे १९९४ मध्ये त्यांनी सहसंशोधक शॉन ऑलिव्ह यांच्यासह एक प्रयोग मांडला, ज्यात त्याच श्रोत्यांनी तेच स्पीकर एकदा पाहून आणि एकदा पडद्याआड ऐकले. स्पीकर दिसत असताना आकार, मोल आणि नाव यांनी गुणांकनावर स्पष्ट छाप पाडली, आणि जागा किंवा संगीत बदलल्यावर प्रत्यक्ष आवाजात पडणारा फरकही श्रोत्यांना कमी जाणवू लागला. यात श्रोत्यांचा दोष नाही. माणसाची जाण अशीच चालते. म्हणून शक्य असेल तेव्हा स्पीकरपुढे झिरझिरीत कापड टांगावे आणि बदलाबदलीचे काम दुसऱ्या कुणाला तरी सांगावे. याच परंपरेतल्या प्रयोगांतून पुढे आलेला आणखी एक निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो: पडद्याआड ऐकताना कसलेल्या आणि नवख्या श्रोत्यांनी लावलेला क्रम साधारण सारखाच असतो, फक्त नवख्यांच्या गुणांमध्ये चढउतार जास्त असतात. म्हणजे चांगला आवाज ओळखण्यासाठी कानाला काही वेगळी दीक्षा लागत नाही. परिस्थिती तेवढी नीट लागते.

एक सूचना इथेच करून ठेवतो. स्वरवर्णाची पारख एकाच स्पीकरवर, म्हणजे मोनोमध्ये करावी. दोन स्पीकर वाजू लागले की आवाजाचा विस्तार, वाद्यांची जागा आणि एकूण भव्यता यांनी कान सुखावतो, आणि एका स्पीकरवर लगेच जाणवणारे दोष झाकले जातात. मोनोमध्ये जो स्पीकर वरचढ ठरतो तो स्टिरिओमध्येही सहसा वरचढच राहतो.

आता प्रत्यक्ष काय ऐकायचे ते सांगतो. माझी पहिली कसोटी एकट्या तानपुऱ्याची आहे. पुरुष गायकाचा तानपुरा काळी एकमध्ये लावलेला असेल तर जोडीच्या तारांचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झवर आणि खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर असते. जवारीमुळे प्रत्येक तारेतून उपस्वरांची, म्हणजे मूळ स्वराच्या पटीतल्या स्वरांची, एक लांबलचक माळ उमटते, आणि तार छेडल्यापासून विरेपर्यंत त्या माळेतला जोर एका उपस्वराकडून दुसऱ्याकडे सरकत राहतो. खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा स्वयंभू गंधार हा तिचा पाचवा उपस्वर, म्हणजे सुमारे ३४७ हर्ट्झ. चांगल्या स्पीकरवर तो गंधार हळूहळू उगवतो, इतर स्वरांत मिसळतो आणि मावळतो. ज्या स्पीकरच्या पेटीत किंवा शंकूत, म्हणजे हवा हलवणाऱ्या पडद्यात, एखाद्या ठिकाणी अनुनाद दडलेला असतो, तिथे मात्र प्रत्येक आवर्तनात एखादा ठरावीक उपस्वर पुढे घुसतो, रेंगाळतो आणि बाकीच्यांना मागे ढकलतो. चार-पाच आवर्तने शांतपणे ऐकली की कान त्या स्वरावर अडकू लागतो. तानपुरा हे सगळे सप्तक विंचरून काढणारे वाद्य असल्याने अशी गाठ त्याच्यापासून लपत नाही, आणि जी गाठ तानपुऱ्यावर जाणवते ती पुढे प्रत्येक गाण्यात त्रास देते.

याच कसोटीत आणखी एक गोष्ट लक्षात येते. स्पीकर ६९ हर्ट्झपर्यंत पोहोचत नसला तरी खर्जाची तार खर्जाचीच ऐकू येते, कारण वरचे उपस्वर शाबूत असले तर मेंदू मूळ स्वर स्वतःच जुळवून घेतो. लहान स्पीकरवरही संगीत पूर्ण वाटू शकते ते यामुळेच, आणि उपस्वरांचे आपसातले प्रमाण बिघडवणारा स्पीकर खोल बेस देऊनही कृत्रिम वाटतो तोही यामुळेच.

त्यानंतर बोललेला शब्द. शक्यतो कमी प्रक्रिया केलेले, एकाच व्यक्तीचे वाचन लावावे. पुरुषाचा आवाज छातीतून येतो आहे असे वाटावे, पिंपातून येतो आहे असे वाटू नये. १०० ते २०० हर्ट्झच्या भागात फुगवटा असला की हा पिंपाचा गुण येतो. ८०० ते १,५०० हर्ट्झच्या आसपास उठाव असेल तर आवाज नाकात येतो. वरच्या टोकाला 'स' आणि 'श' यांतला फरक, तसेच 'चार'मधला तालव्य च आणि 'चारा'मधला दंत्य च यांतला फरक सहज कळायला हवा, आणि तरीही त्यांपैकी कोणताही वर्ण सुईसारखा टोचू नये. हा समतोल साधणे दुकानात वाटते त्यापेक्षा कठीण आहे. पहिल्या ऐकण्यात 'किती स्वच्छ' वाटणारा स्पीकर बहुधा वरच्या भागात दोन-तीन डेसिबल चढा ठेवलेला असतो आणि तासाभराने तोच कान शिणवतो. म्हणून शेवटचा निर्णय देण्याआधी सलग तासभर, गप्पांच्या पातळीच्या जरा वर, ऐकणे मी आवश्यक मानतो.

तबला तिसरा. डग्ग्यावर तळहाताच्या दाबाने काढलेली मींड वर चढताना आणि खाली उतरताना सलग कळली पाहिजे. पेटी किंवा पोर्ट, म्हणजे पेटीला बेससाठी ठेवलेले नळीसारखे भोक, एकाच स्वरावर घुमत असेल तर ती मींड सपाट होते आणि वेगवेगळे आघात एकाच 'घूं'मध्ये जमा होतात. उजव्याच्या चाटेवरचा 'ना' आणि शाईवरचा 'तूं' यांचे पोत वेगळे राहायला हवेत. शाईमुळे तबल्याचे उपस्वर सुरेल श्रेणीत बसतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच दाखवून दिले होते. त्यामुळे तबला हा नुसता ठोका नसून स्वर आहे, आणि चांगल्या स्पीकरवर तो तंबोऱ्याशी जुळलेला ऐकू येतो.

इथवर आपण स्पीकरच्या अगदी समोर बसलो होतो. आता उठून बाजूला जावे, कारण स्पीकरचा खरा स्वभाव बाजूने ऐकल्यावर कळतो. खोलीत आपल्यापर्यंत पोहोचणाऱ्या आवाजाचा मोठा भाग भिंतींवरून परतून आलेला असतो. तो आवाज समोरून येणाऱ्या आवाजाच्याच जातीचा असेल तर कान दोन्हींना एक मानतो, नसेल तर सतत एक अस्वस्थता राहते. दोन-मार्गी स्पीकरमध्ये खालचे सूर वूफर आणि वरचे सूर ट्वीटर वाजवतो; त्यातली अडचण साधी आहे. सोळा-सतरा सेंटीमीटरचा वूफर २,५०० हर्ट्झपर्यंत चालवला तर तिथे ध्वनिलहरीची लांबी जेमतेम चौदा सेंटीमीटर असते. शंकू आणि लहर एकाच मापाचे झाले की वूफरचा आवाज अरुंद झोतासारखा पुढे जातो, आणि त्याच्या लगेच वर पंचवीस मिलिमीटरचा ट्वीटर तोच सूर चहूकडे फेकू लागतो. समोर बसून सगळे सरळ वाटते, पण तीस-चाळीस अंश बाजूला गेले की क्रॉसओव्हरच्या ठिकाणी, म्हणजे वूफरकडून ट्वीटरकडे सूर सोपवला जातो तिथे, खड्डा आणि त्याच्यावर उंचवटा ऐकू येतो. ट्वीटरभोवती उथळ परातीसारखा खोलगट भाग दिलेला असतो तो शोभेसाठी नसतो. ट्वीटरचा पसारा त्या ठिकाणी वूफरइतका आवरून धरणे हे त्याचे काम. घरी करण्याजोगी परीक्षा अशी: पिंक नॉइज लावून स्पीकरसमोरून सावकाश अर्धवर्तुळात चालावे. वरचा भाग हळूहळू आणि समान गतीने मंदावत गेला तर उत्तम. आवाजाचा रंगच मधूनमधून बदलत राहिला तर तो स्पीकर खोलीत कधीही निवांत वाटणार नाही. वर-खाली मान हलवून पाहिले तर बहुतेक दोन-मार्गी स्पीकरमध्ये फरक पडतोच. त्यामुळे ट्वीटर कानाच्या उंचीवर ठेवावा आणि स्पीकर आडवा ठेवू नये, एवढे पाळले की पुरे.

मोजमापे उपलब्ध असतील तर ती जरूर पाहावीत. सीटीए-२०३४ या स्पीकर मोजण्याच्या अमेरिकी मानकानुसार स्पीकर प्रतिध्वनिरहित परिस्थितीत आडव्या आणि उभ्या वर्तुळात दर दहा अंशांवर, असा एकूण ७० ठिकाणी मोजला जातो आणि त्यावरून समोरचा आवाज, श्रोत्याभोवतालचा आवाज, पहिले परावर्तन आणि एकूण ध्वनिशक्ती असे वेगवेगळे आलेख निघतात. हे सगळे आलेख एकमेकांना जवळजवळ समांतर आणि गुळगुळीत उतरत असतील तर तो स्पीकर चांगला वाजेल असे मी न ऐकताही मोठ्या खात्रीने म्हणेन. शॉन ऑलिव्ह यांनी २००४ मध्ये अशाच मोजमापांवरून श्रोत्यांची पसंती वर्तवणारे सूत्र मांडले. त्यात बेसच्या खोलीचा वाटा सुमारे ३० टक्के निघाला आणि उरलेला सगळा वाटा आलेखांच्या सरळपणाचा आणि गुळगुळीतपणाचा होता. तीस टक्के ही उपेक्षणीय गोष्ट नाही, हे मी मान्य करतो. मात्र ही उणीव पुढे सबवूफर, म्हणजे फक्त खोल बेससाठीचा वेगळा स्पीकर, जोडून दूर करता येते. मध्यसप्तकातली गाठ कुठलेही जोडउपकरण सोडवत नाही.

बेसबद्दल भौतिकशास्त्राने आधीच मर्यादा घालून दिली आहे. पेटीचा आकार, बेसची खोली आणि संवेदनशीलता या तिन्हींपैकी कोणत्याही दोनच मनासारख्या मिळतात; तिसरीवर पाणी सोडावे लागते. हा नियम हॉफमन यांच्या नावाने ओळखला जातो. एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये एआर-१ या स्पीकरमध्ये बंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंगसारखे वापरले आणि लहान पेटीतूनही खोल बेस काढून दाखवला, पण त्याची किंमत कमी संवेदनशीलतेच्या रूपाने चुकवावी लागली. १९७० च्या दशकात बीबीसीने प्रसारणाच्या गाड्यांत वापरण्यासाठी तयार केलेला एलएस३/५ए त्याहून लहान, आणि त्याच्या रचनाकारांनी उलट निवड केली: अति खालचा बेस सोडून दिला, वरच्या बेसमध्ये किंचित उठाव ठेवला आणि सगळी मेहनत माणसाचा आवाज खरा वाजवण्यावर घेतली. इतक्या दशकांनंतरही तो स्पीकर आदराने ऐकला जातो, याचे कारण ही निवड योग्य होती असे मला मनापासून वाटते. याउलट १०० हर्ट्झच्या भागात मोठा फुगवटा देऊन लहान पेटीला मोठ्या पेटीचे सोंग देणारे स्पीकर दुकानात पाच मिनिटे छान वाटतात. घरी आल्यावर प्रत्येक गाण्याचा बेस एकाच स्वरात वाजू लागतो. पोर्टमधून हवेचा 'फस् फस्' आवाज येतो का, हेही बेस असलेला तुकडा जरा मोठ्याने लावून एकदा ऐकून घ्यावे.

तपशीलपत्रातले आकडे थोडक्यात पाहू. '४५ हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ' या वाक्याला पुढे अधिक-उणे ३ डेसिबलसारखी मर्यादा लिहिलेली नसेल तर काहीही अर्थ नाही, कारण ४५ हर्ट्झला आवाज ३ डेसिबलने उतरला आहे की १० ने, हे त्यातून कळत नाही. संवेदनशीलता २.८३ व्होल्टवर, एक मीटर अंतरावरची सांगितलेली असते. ८ ओहमच्या स्पीकरमध्ये तो १ वॅट होतो, पण ४ ओहमच्या स्पीकरमध्ये २ वॅट, म्हणजे दुसरा स्पीकर कागदावर ३ डेसिबलने वरचढ दिसतो तो केवळ दुप्पट शक्ती घेऊन. वॅटचा आकडा मात्र लोकांना विनाकारण घाबरवतो. ८६ डेसिबलचा स्पीकर अडीच मीटरवरून ऐकला तर अंतरामुळे सुमारे ८ डेसिबल जातात, दोन स्पीकर आणि खोली मिळून त्यांतले निदान ३-४ परत देतात, आणि त्या हिशेबाने ९५ डेसिबलच्या क्षणिक शिखरासाठी वीस वॅट पुरतात. स्पीकर ८३ डेसिबलचा असेल तर चाळीस लागतील. घरात ऐकण्यासाठी याहून मोठ्या ॲम्प्लिफायरची गरज क्वचितच पडते, मात्र स्पीकरचा विद्युत रोध कमीत कमी किती ओहमपर्यंत उतरतो हे पाहून घ्यावे. ३ ओहमच्या आसपास उतरणारा स्पीकर अशक्त ॲम्प्लिफायरला जड जातो.

खोलीचा विषय मोठा आहे, पण पारखीपुरते दोन आकडे ध्यानात ठेवावेत. चार मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्झला आणि त्याच्या पटीत आवाज साचतो, तीन मीटरच्या बाजूने ५७ हर्ट्झला. हा साठा स्पीकर बदलून जात नाही. आणि स्पीकरचा दर्शनी भाग मागच्या भिंतीपासून साठ सेंटीमीटरवर असेल तर १४३ हर्ट्झच्या आसपास परतलेली लहर मूळ लहरीला छेदते आणि पुरुषाच्या आवाजातला भरीवपणा नाहीसा होतो. म्हणून बेस कमी वाटला की स्पीकरला दोष देण्याआधी तो दहा-दहा सेंटीमीटरने पुढे-मागे करून पाहावा. साधारण २०० ते ३०० हर्ट्झच्या खाली आपण स्पीकरइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, खोली ऐकत असतो.

मोलाचा विचार आता करता येईल. स्पीकरवरचा पैसा ध्वनिचालकांत (वूफर आणि ट्वीटर), त्यांच्यात सूर वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हरमध्ये, पेटीच्या मजबुतीत आणि बाह्य रूपात वाटला जातो. पहिल्या तिन्हींचा परिणाम कानाला होतो आणि तोही एका मर्यादेपर्यंतच. चौथ्याचा होत नाही, आणि अस्सल लाकडी आवरण हे खर्चाचे मोठे कारण असते. घरात रोज दिसणारी वस्तू देखणी असावी या इच्छेत काही गैर नाही, फक्त तो खर्च आवाजाच्या खात्यात मांडू नये. तारांच्या बाबतीत मी अधिक ठाम आहे: २.५ चौरस मिलिमीटरच्या साध्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.००७ ओहम असतो, म्हणजे पाच मीटरच्या जाऊन-येऊन जोडणीत ०.०७ ओहम, आणि आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य आहे. तो पैसा भक्कम स्टँडसाठी किंवा जमिनीवरच्या जाड सतरंजीसाठी वापरला तर फरक खरोखर ऐकू येतो.

वापरलेली जोडी घेणे हा मोलाच्या दृष्टीने उत्तम मार्ग आहे, कारण चांगली रचना जुनी झाल्याने बिघडत नाही. वूफरच्या कडेची पट्टी फोमची असेल तर ती दहा-वीस वर्षांत चुरा होऊ शकते, रबराची जास्त टिकते. शंकू बोटांनी समान दाबून अलगद आत ढकलावा आणि आत खरखर लागते का ते पाहावे. ट्वीटरच्या घुमटाला हात लावू नये.

नवीन असो वा जुनी, जोडी घरी आल्यावर दोन्ही स्पीकर एकमेकांशी जुळतात का हे लगेच तपासावे. मोनोमधला बोललेला आवाज दोन्हींवर एकदम लावून बरोबर मध्ये बसावे. तो आवाज मधोमध, हाताच्या पंजाएवढ्या जागेतून यायला हवा. तो पसरट वाटला किंवा एका बाजूला सरकला तर डावा आणि उजवा स्पीकर उचलून जागा बदलाव्यात, तारा आणि ॲम्प्लिफायर तसेच ठेवावेत. सरकलेला आवाज पूर्वीच्याच बाजूला राहिला तर दोष खोलीचा किंवा ॲम्प्लिफायरचा आहे आणि मांडणी बदलून पाहता येईल. तो स्पीकरबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर दोन नगांमध्येच फरक आहे, आणि परत करण्याची मुदत असेतोवर ती जोडी परत करावी.